दोन सिलिंडरांचं काळीज

पहाट फुटायच्या आधीच गल्लीत एवढी माणसं जमायची की दूधवाल्याला सायकलवरून उतरून, ती हातात धरून वाट काढावी लागे. थंडी मी म्हणत होती. कुणी शाल गुंडाळून, कुणी कानटोपी ओढून, तोंडातून वाफा सोडत उभे असत आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळलेल्या असत. गल्लीतल्या एका घराला लागून गाडी ठेवायची एक खोली होती. तिला लोखंडी दार, वर हातभर खिडकी आणि आत एक जाडजूड मोटारसायकल. त्या मोटारसायकलीत एका मेलेल्या माणसाचं काळीज धडधडतं, असं लोक सांगत होते. सांगताना आवाज खाली आणत होते, म्हणजे ऐकणाऱ्याला खरं वाटायला सोपं जातं.

माणूस उन्हाळ्यात गेला होता. चाळिशीही गाठली नव्हती त्यानं. कामावर जिना उतरता उतरता छाती धरून बसला तो उठलाच नाही. मागे म्हातारी आई राहिली आणि एक धाकटी बहीण. बहीण शाळेत विज्ञान शिकवायची, म्हणून अख्खी गल्ली तिला नुसतं 'बाई' म्हणायची. बाईंनी भावाच्या जाण्यानंतर रजा घेतली, रडल्या आणि पुन्हा वर्गावर उभ्या राहिल्या. आई रडली नाही. ती बोलायचीच बंद झाली. दिवसभर खिडकीशी बसून राही, ताट पुढे ठेवलं तर जेवे, नाही ठेवलं तर मागत नसे.

बाईंच्या दादाची मोटारसायकल तशीच पडून होती. थंडी सुरू झाल्यावर मामा म्हणाले, "उगाच गंजतेय, कुणाला तरी देऊन टाकू." पण देणार कशी? ती सुरूच होईना. बटण दाबलं की कुईकुई करी, एकदा खोकल्यासारखं करी आणि गप्प. मामांनी दाबून पाहिलं, मामांच्या मित्रांनी दाबून पाहिलं, येणाऱ्या-जाणाऱ्यानंही हात धुऊन घेतला. गाडी ढिम्म. तेव्हा मामा एका सकाळी कानबाबाला घेऊन आले.

कानबाबा भिंतींना, दारांना, पेट्यांना कान लावायचा आणि गेलेल्या माणसांचं बोलणं ऐकायचा. अंगानं गुटगुटीत, आवाज मधाळ. "आपल्याला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही हं," तो आल्या आल्या म्हणाला. "आपण फक्त ऐकतो." त्यानं गाडीच्या टाकीला कान लावला, डोळे मिटले, एक पांढरं ओलं फडकं इंजिनावर पसरलं, लेकराला कवटाळावं तसे दोन्ही हात इंजिनाभोवती घातले आणि पुटपुटत मामांना म्हणाला, "दाबा आता."

गाडी खोकली, शिंकली आणि सुरू झाली.

तिचा आवाज इतर गाड्यांसारखा सरळ नव्हताच कधी. एक ठोका, लगेच दुसरा, मग एक चुकलेली जागा. पुन्हा एक ठोका, लगेच दुसरा. आई खिडकीपासून उठून दारात आली. तिनं छातीवर हात ठेवला आणि कितीतरी महिन्यांनी तोंड उघडलं. म्हणाली, "हे तर त्याचं काळीज आहे."

कानबाबाला एवढं पुरलं.

"माणूस जातो, आई, ठोका जात नाही," तो म्हणाला. "ठोक्याला जागा हवी असते. दगड चालत नाही, लाकूड चालत नाही. ज्याच्यावर जीव लावला तीच वस्तू लागते. आता बघा, हिला सिलिंडर किती? दोन! एक त्याचं, एक तुमचं."

आणि कार्बुरेटर एकच, तो कानबाबांचा, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांनी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि शब्द गिळला. तो त्यांना पुढे फार महागात पडला.

भेट रोज पहाटे होऊ लागली. दोनच दिवसांत शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर कुरकुरत आले, "झोपेचं खोबरं होतं हो आमच्या." आईला कुणाला त्रास दिलेला आयुष्यात खपला नव्हता. तिनं जुनी पांघरुणं काढली, दाराच्या फटीत कोंबली, खिडकीत उशी बसवली आणि पोस्टमास्तरांना स्वतः जाऊन विचारून आली, "आता येतो का आवाज?" आवाज येत नव्हता. कानबाबा तर खूशच झाला. "छान केलंत. बाहेरचा वारा भेटीत नको."

मग एकाचे पाच झाले, पाचाचे पन्नास. ठोक्याची वाट एकदा उघडली की तिच्यावरून सगळ्यांचेच लोक येतात, असं बाबानं जाहीर केलं. चार-पाच जण आत घेतले जात. आई मात्र रोज आत असायची, आणि तीही अगदी मागे, सायलेन्सरजवळच्या स्टुलावर. "इथे त्याच्या कपड्यांचा वास येतो," ती म्हणायची. बाबा गाडी सुरू करी, ती धापा टाकू लागली की ओलं फडकं इंजिनावर दाबून तिला शांत करी, हात झटकी आणि म्हणे, "आता मी मध्ये नको. भेट तुमची." मग तो बाहेर येऊन दार ओढून घेई.

थोड्या वेळानं माणसं बाहेर पडत ती डोळे पुसत, झोकांड्या खात. कुणाला गेलेली बायको दिसलेली असे, कुणाला कुणीतरी हाक मारलेली असे. एखादा कोरडाच बाहेर येई. तो दाराजवळ बसलेला असायचा. बाबा त्याच्याकडे कीव करून पाही. "श्रद्धा काठावर, तर अनुभवही काठावर."

आई बोलू लागली होती, हसूही लागली होती, आणि खंगत चालली होती. तिचं डोकं दिवसभर ठणके. अन्न पोटात टिकत नव्हतं. एकदा नळ तसाच सोडून ती जिन्यात बसून राहिली, आपण कशाला उठलो होतो हेच तिला आठवेना. बाबा म्हणाला, "भेटीची ओढ आहे ती." डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बोटाला चिमट्यासारखं यंत्र लावलं, प्राणवायूचा आकडा उत्तम आला, "दुःखानं होतं असं," म्हणून गोळ्या देऊन ते गेले.

"आई, इंजिन आहे ते," बाई म्हणाल्या.

"तुझा भाऊ आहे."

"अगं, दोन सिलिंडर तिरके बसवलेत, दोघांचे दांडे एकाच खिळीवर. म्हणून ठोके असे लंगडत पडतात. दादानंच मला सांगितलं होतं."

"तू बसलीस का कधी आत? न बसताच शहाणपण शिकवतेस."

म्हणून बाई बसल्या. बाबाची चोरी पकडायची, डोळे टक्क उघडे ठेवायचे, असं ठरवून आईला खेटून मागे बसल्या. बाबा बाहेर गेला, दार लागलं. ठोके चालू होते. खोली ऊबदार होत गेली. पेट्रोलचा, तेलाचा, गरम लोखंडाचा वास, जो दादाच्या कोटाला यायचा, तो नाकातोंडात भरला. डोकं जड झालं. हातापायांतली ताकद अशी हलकेच निघून गेली की उठावंसंच वाटेना. आणि मग मागून कुणीतरी डोक्यावर हात ठेवला. वळून पाहायचं भान बाईंना राहिलं नव्हतं. तो हात त्यांना ओळखीचा होता.

दार उघडल्यावर त्या बाहेर आल्या त्या हुंदके देत. "होता गं," त्या आईला म्हणाल्या, सगळ्यांदेखत. "डोक्यावर हात ठेवला त्यानं." मग गटाराशी बसून त्यांना उलटी झाली, पण ती कुणी पाहिली नाही. लोकांनी ऐकलं ते आधीचं. "विज्ञानाच्या बाईंनीसुद्धा अनुभव घेतला!" कानबाबानं हात वर करून सांगितलं. दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट झाली. तिच्यात एक तरुण शिंपी होता. त्याची लहान मुलगी तापात गेली होती. बाईंना थांबवून तो म्हणाला, "तुम्ही सांगितलंत म्हणून आलो. नाहीतर माझा नव्हता हो विश्वास."

बाईंना त्यानंतर झोप लागेना. इतकी वर्षं मुलांना सांगत आलो की डोळ्यांनी बघा, हातांनी तपासा. आता डोळे आणि हातच साक्ष द्यायला उलटले तर माणसानं उभं कशावर राहायचं? याहून वाईट म्हणजे, पुन्हा एकदा आत जाऊन बसावंसं वाटत होतं. आईला काय वाटत असेल ते त्यांना आता कळत होतं आणि त्याचीच त्यांना भीती वाटत होती.

उत्तर मिळालं ते वर्गात. ज्वलनाचा धडा चालू होता. बाईंनी बर्नर पेटवला, निळी ज्योत दाखवली आणि हवेचं भोक बंद केलं. ज्योत पिवळी होऊन डोलू लागली, वर धरलेल्या बशीला काजळी आली.

"का झालं असं?" त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं.

"हवा कमी पडली बाई," मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली. "गॅस अर्धवट जळतोय."

"मग अर्धवट जळून काय तयार..." बाई बोलता बोलता थांबल्या. कार्बन मोनॉक्साइड. आपण दरवर्षी फळ्यावर लिहितो. रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, भास होतात, ताकद जाते, शेवटी माणूस जातो. दादा थंडीत गाडी सुरू करताना कसलीशी खुंटी ओढायचा आणि म्हणायचा, "गार इंजिनात पेट्रोलची वाफ होत नाही. हिला आधी जास्तीचं पाजावं लागतं, हवा कमी करून." म्हणजे भोक बंद केलेला बर्नरच की तो! आणि तो बंद खोलीत, पांघरुणं कोंबून.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाई मुद्दाम पुन्हा आत बसल्या. या वेळी दाराशी. बाहेर पडल्या त्या तडक दवाखान्यात गेल्या आणि रक्त तपासायला दिलं.

डॉक्टरांनी अहवाल दोनदा वाचला. "सिगरेट ओढता?"

"नाही."

"मग एवढा विषारी वायू रक्तात आला कुठून?"

बाईंनी सगळं सांगितलं. "पण आईच्या बोटाला तुम्ही यंत्र लावलं होतं. आकडा चांगला होता."

डॉक्टर खजील झाले. "त्या यंत्राला रक्तातला प्राणवायू आणि हा वायू सारखाच दिसतो. मी रक्त तपासायला हवं होतं. चुकलं माझं."

"रविवारी बाबानं 'पूर्ण भेट' ठेवली आहे. आईला एकटीला आत बसवून दार लावायचं. टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत."

डॉक्टरांनी कागद खाली ठेवला. "असं झालं तर मला बोलावूच नका. माझा काही उपयोग होणार नाही."

बाईंनी घरी येऊन आईपुढे अहवाल ठेवला, विषारी वायूचं सगळं समजावलं. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग त्या वायूतून येत असेल तो."

"अगं, मरशील तू!"

"बरंच आहे की. लवकर भेटेल."

गाडी बिघडवून ठेवणं सोपं होतं. पण मग बहिणीनं भावाचं काळीज उपटलं, असं झालं असतं, आणि बाबानं त्याला दुसरी जागा शोधून दिली असती. आईचं मनच वळायला हवं होतं. शनिवारी दुपारी बाईंनी खोली सताड उघडी टाकली आणि गाडीपुढे फतकल मारून बसल्या. दोन सिलिंडरांच्या मध्ये, फडक्याखाली नेमकी झाकली जाणारी, ती चोकची, म्हणजे दादा ओढायचा ती हवा कमी करायची खुंटी सापडली. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बुरेटरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीला भेग पडलेली होती. तिथून फाजील हवा आत घुसायची, म्हणून गाडी धापा टाकायची. ओलं फडकं दाबलं की भेग बंद. बाईंनी गाडी सुरू करून पाहिली, फडकं ठेवून पाहिलं, काढून पाहिलं. मग त्या शेजारी पोस्टमास्तरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी तुमची झोप मोडायची आहे. चालेल?"

रविवारी माणसांचा समुद्र लोटला होता. मामा लोकांना मागे सारत होते. आई धुतलेले कपडे घालून निघाली. बाईंनी दारातच तिचा हात धरला.

"आई, दादाला बंद खोलीत बसायला कधी आवडलं का गं? जेवायलासुद्धा अंगणात बसायचा. आजची भेट उघड्यावर करू."

"उघड्यावर ठोका विरतो," कानबाबा घाईघाईनं म्हणाला.

"आणि शेजाऱ्यांना त्रास," आई पुटपुटली.

"माझी काही हरकत नाही," कुंपणापलीकडून पोस्टमास्तर ओरडले. "होऊ दे आवाज!"

आई क्षणभर थांबली. "त्याला उघड्यावरच आवडायचं," ती म्हणाली. मग बाबाचं कुणी ऐकलं नाही. बाईंनी बोलावून घेतलेले डॉक्टर पुढे झाले; त्यांनी आणि मामांनी गाडी ढकलत अंगणात आणली. आईला खुर्ची दिली.

बाबा फडकं घेऊन पुढे झाला, तशा बाई म्हणाल्या, "आज मी." त्यांनी खुंटी ओढली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि बटण दाबलं. गाडी खोकली, शिंकली, सुरू झाली. गर्दीतून 'आँ?' असा एकच उद्गार निघाला. बाईंनी ओलं फडकं भेगेवर ठेवलं, गाडी शांत झाली. काढलं, धापा टाकू लागली. पुन्हा ठेवलं, पुन्हा शांत. "ज्याला करून पाहायचंय त्यानं या," त्या म्हणाल्या. पोस्टमास्तर कुंपण ओलांडून आले आणि त्यांनी फडकं ठेवलं. पोस्टमास्तरांनाही सिद्धी प्राप्त झाली.

इंजिन आता तापलं होतं. खुंटी आत ढकलायला हवी होती. बाईंनी ती मुद्दाम तशीच ओढून ठेवली. गाडी गुदमरू लागली, काळा धूर ओकू लागली, आचके देऊ लागली. आणि कानबाबाला राहवलं नाही.

"अहो, चोक आत ढकला!" तो किंचाळला. "प्लग ओले होतील! पुढचं सिलिंडर मरतंय, ऐकू येत नाही का?"

गाडी बंद पडली. यंत्रातलं ओ की ठो न कळणाऱ्या माणसाकडे सगळे पाहू लागले.

"ते... ते त्यानंच माझ्या तोंडून वदवलं," बाबा म्हणाला. कुणीतरी फिस्सकन हसलं.

बाईंना हसू आलं नाही. "बाबा, तुम्हाला गाडी कळते. म्हणजे बंद खोलीत तिचा धूर माणसाचं काय करतो तेही कळतं. म्हणूनच तुम्ही रोज बाहेर उभे राहायचात. त्या धुरानं मलाही भावाचा हात जाणवला. मी खोटं बोलले नव्हते, पण जे जाणवलं ते खरं नव्हतं. चला, आज आपण दोघं आत बसू. दार लावून, पांघरुणं कोंबून, टाकी संपेपर्यंत. बसता?"

बाबानं त्या लोखंडी दाराकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे घेतलं.

आई खुर्चीतून उठली. तिच्या आवाजात राग नव्हता, अजून आशाच होती. "बसा ना बाबा. माझा मुलगा आहे आत, तुम्हीच म्हणालात. तो काही करणार नाही तुम्हाला."

बाबा बसला नाही. तो इकडेतिकडे बघत राहिला, मग गर्दीतून वाट काढू लागला. मामांनी त्याचा दंड धरला. लोक त्याच्यावर ओरडू लागले, दोघेतिघे बाईंवरही ओरडले. आईला यातलं काही ऐकू गेलं नाही. तिच्या चेहऱ्यावरची आशा विझत गेली आणि बाईंना वाटलं, आपण दादाला दुसऱ्यांदा मारलं. धावत जाऊन आईला मिठी मारावी आणि आत्ता दाखवलं ते सगळं खोटं होतं म्हणावं. पण खोटं काय होतं ते आता उघड्यावर आलं होतं.

तेवढ्यात शिंपी पुढे आला. त्यानं आईकडे पाहिलं नाही, बाबाकडेही नाही. तो बाईंसमोर उभा राहिला.

"बाई, मग माझी पोर?"

फळ्यावर लिहिण्यासारखं उत्तर नव्हतं हे. आईनंच त्याचा हात धरला.

"नाही आली, बाळा," ती म्हणाली. "माझाही नाही आला. धूर होता नुसता." मग ती गर्दीकडे वळली. तिला मोठ्यानं बोलायची सवय नव्हती, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "गेलेल्या माणसाची आठवण यायला दार लावून घ्यावं लागत नाही. आणि जो तुम्हाला आत कोंडून स्वतः बाहेर उभा राहतो, त्याला पहिल्याच दिवशी विचारा, तू का नाही बसत? मी नाही विचारलं. तुम्ही विचारा. विचारल्यानं श्रद्धा मोडत असेल, तर मोडू दे. जीव तर राहतो."

लोक हळूहळू पांगले. डॉक्टर आईला प्राणवायू द्यायला दवाखान्यात नेणार होते, ते गाडी बोलवायला गेले. आई पायरीवर बसली होती. शिंपी तिच्या शेजारी बसला. थंड वारा वाहत होता आणि दोघांची डोकी स्वच्छ होती. तिथे आई रडली, दादा गेल्यापासून पहिल्यांदा.

"माझा मुलगा गेला रे," ती म्हणाली.

"माझी मुलगी गेली," शिंपी म्हणाला.